कार्बामाझेपिन : डीएससीत दोन पीक, आणि पावसाळ्यातल्या बॅचचं डिझोल्यूशन का घसरतं?

वाळूज_आरएमजी विचारतात :

नमस्कार मंडळी. कार्बामाझेपिन (अपस्मारावरचं औषध) २०० मिग्रॅच्या साध्या गोळ्या आहेत, एसआर (औषध हळूहळू सोडणारी) नाही. गोळीचं वजन २८० मिग्रॅ. औषधाबरोबर एमसीसी (सेल्युलोजची भर), क्रॉसकारमेलोज (गोळी फुटायला मदत करणारं), बाइंडर म्हणून पोव्हिडोन के-३० पाण्यात. आरएमजीत (वेगाने मळणाऱ्या मिक्सरमध्ये) ओला माल, मग एफबीडी (गरम हवेचा ड्रायर, इनलेट ६० अंश), मग १ मिमी चाळणीची मिल, शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट आणि कॉम्प्रेशन. पॅकिंग साध्या पीव्हीसी ब्लिस्टरमध्ये.

मे महिन्यातल्या बॅच ठणठणीत आहेत. जुलै-ऑगस्टच्या बॅच सुरुवातीला पास होतात, पण ४०/७५ वर (४० अंश, ७५ टक्के आर्द्रतेच्या स्थिरता चाचणीत) तीन महिन्यांनी ६० मिनिटांचं डिझोल्यूशन (औषध किती विरघळलं ते) ८६ वरून ६८ टक्क्यांवर येतं आणि गोळी कडक होते. अ‍ॅसे (औषधाचं प्रमाण) आणि अशुद्धी दोन्हीकडे सारख्याच, एचपीएलसीत काही सापडत नाही. एपीआय (मूळ औषधाची पावडर) एकाच पुरवठादाराचं, दोन लॉट.

एपीआयची डीएससी (तापवताना उष्णतेची देवाणघेवाण मोजणारी चाचणी) केली तर १७५ ला एक आणि १९१ ला एक असे दोन पीक येतात. सीओएवर (पुरवठादाराच्या तपासणी दाखल्यावर) मात्र 'फॉर्म ३' (औषधाच्या स्फटिकरूपांपैकी एक) एवढंच लिहिलंय. आमच्याकडे सूर असा की पुरवठादाराने भेसळ रूप पाठवलं, लॉट परत करा. प्रश्न तीन :

१. दोन पीक म्हणजे दोन रूपांचं मिश्रण असंच धरायचं का?
२. पावसाळ्यात एफबीडीला दमट हवा जाते, दोष तिचाच का?
३. फॉर्म्युला न बदलता काय करता येईल?

---

स्फटिक_संभाजीनगर :

लॉट परत करू नका, निदान या डीएससीच्या जोरावर तरी नको. (इथे पीक म्हणजे आलेखावरचं टोक, सोयाबीन नव्हे, हे नव्या पोरांसाठी सांगून ठेवतो.)

शंभर टक्के शुद्ध फॉर्म ३ सुद्धा १० अंश प्रति मिनिट वेगाने तापवला की हाच आलेख देतो. १७५ च्या आसपास फॉर्म ३ वितळतो, त्या वितळलेल्या थेंबातून लगेच फॉर्म १ चे स्फटिक जमतात (दोन पीकच्या मध्ये वर जाणारा छोटा उष्मादायी उंचवटा दिसतो का पाहा), आणि १९१ ला वितळतो तो हा नव्याने जमलेला फॉर्म १. म्हणजे दुसरं रूप पावडरीत नव्हतं, तुमच्या डीएससीच्या पॅनमध्ये जन्मलं. उलट नुसता १९० चा एकच पीक आला असता तर मी म्हटलं असतं की फॉर्म ३ ऐवजी फॉर्म १ आलाय.

या दोन रूपांचं नातं एनॅन्टिओट्रॉपिक आहे. खोलीच्या तापमानाला फॉर्म ३ स्थिर, साधारण ७० अंशांच्या वर फॉर्म १ स्थिर. म्हणून डीएससी इथे ओळखपत्र म्हणून कमजोर पडते. तापवता तापवता ती नमुनाच बदलून टाकते. तापवण्याचा वेग २, १० आणि ४० ठेवून तीन आलेख काढा. पहिल्या पीकचा आकार आणि उंची बदलेल, शेवटचा पीक जवळपास जागेवर राहील. नमुना ३ मिग्रॅ, झाकणाला बारीक छिद्र, नायट्रोजन ५० मिली प्रति मिनिट. घट्ट बंद पॅन वापरला आणि नमुन्यात पाणी असलं तर वाफ अडकून भलतेच पीक येतात.

निवाडा एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणाऱ्या चाचणीवर) करा. तांब्याच्या किरणांवर फॉर्म ३ चे ठळक पीक टू-थीटा १५.३, १५.८ आणि २७.५ च्या आसपास येतात. डायहायड्रेटचा (पाण्याचे दोन रेणू रचनेत घेतलेल्या रूपाचा) पीक ९ अंशांजवळ येतो, आणि तिथे फॉर्म ३ चं काहीच नसतं. तुमच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण एमसीसीचा पसरट उंचवटा १५-१६ आणि २२.५ ला असतो. तो फॉर्म ३ चे पीक झाकोळतो, पण ९ ला मैदान मोकळं राहतं. अंकांवर आंधळा विश्वास नको, आपल्याच मशीनवर आपलेच संदर्भ नमुने चालवून घ्या :

फॉर्म १ हवा असेल तर फॉर्म ३ ओव्हनमध्ये १७० अंशांना दोन तास ठेवा. डायहायड्रेट हवा असेल तर ५ ग्रॅम १०० मिली पाण्यात २४ तास ढवळा, गाळा, आणि खोलीतच पसरून वरवरचं पाणी जाऊ द्या. ओव्हन नको, डेसिकेटर तर मुळीच नको. टीजीएत (तापवताना वजन मोजणाऱ्या चाचणीत) १३.२ टक्के घट आली की डायहायड्रेट पक्का (पाण्याचे दोन रेणू ३६ भागिले २७२.३).

एक्सआरडीचा नमुना खलबत्त्यात घोटू नका. घोटल्याने डायहायड्रेटचं पाणी सुटतं आणि पृष्ठभाग अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेला) होतो. गोळी हलक्या हाताने फोडा, ७५ मायक्रॉनमधून चाळा, होल्डर फिरता ठेवा. डायहायड्रेट सुईसारखा वाढतो, सुया आडव्या निजतात, आणि एकच पीक अवाजवी उंच दिसतो. तो पाहून टक्केवारी काढली तर फसगत ठरलेली.

एक्सआरडी जवळ नसेल तर आयआर (अवरक्त वर्णपट). एनएच ताण फॉर्म ३ ला ३४६६ च्या आसपास, फॉर्म १ ला ३४८४. कार्बोनिल १६७७ आणि १६८८. केबीआरची चकती दाबण्यापेक्षा एटीआर (पावडर तशीच ठेवून मोजण्याची पद्धत) बरा.

---

शेंद्रा_प्रोसेस :

दुसऱ्या प्रश्नावर. दमट हवा हे पावसाळ्यातलं सगळ्यांचं आवडतं कारण, पण एकदा आकडे मांडून बघू राव.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटरवर, म्हणजे हवेचा दाब सुमारे ९४.५ किलोपास्कल. ऑगस्टात बाहेरच्या एक किलो कोरड्या हवेत १७ ग्रॅम पाणी धरा, मे महिन्यात ८ ग्रॅम. दोन्ही हवा ६० अंशांपर्यंत तापवल्या तर सापेक्ष आर्द्रता ऑगस्टात १२-१३ टक्के, मे मध्ये ६ टक्के. ऐकायला दुप्पट. पण ओला माल वाळताना ज्या तापमानाला बसतो ते वेट-बल्ब तापमान ऑगस्टात ३० अंश, मे मध्ये २५ अंश. त्या तापमानाला संपृक्त हवा धरते अनुक्रमे २९ आणि साडेएकवीस ग्रॅम. मूळचं वजा केलं तर किलोमागे उचललं जाणारं पाणी ऑगस्टात १२ ग्रॅम, मे मध्ये साडेतेरा. फरक दहा टक्क्यांचा! पाऊण तासाचं ड्राइंग पन्नास मिनिटांवर गेलं, यापलीकडे नाही. इनलेट खरोखर ६० ला पोहोचत असेल तरच, हे आलंच. स्टीम कमी पडून ५२ वरच अडकत असेल तर हिशेब वेगळा. आधी तो चार्ट काढून बघा.

मग पावसाळ्यात बदलतं काय? माझी पैज ओल्या मालाच्या थांबण्यावर. कार्बामाझेपिन पाण्यात भिजलं की डायहायड्रेट होण्याचं घड्याळ सुरू होतं. पहिली काही मिनिटं काही होत नाही, केंद्रकं तयार होत असतात. एकदा ती बसली की पुढचं झपाट्याने. बॅच रेकॉर्डमध्ये पाण्याचा पहिला थेंब कधी पडला आणि एफबीडीत माल कधी गेला, या दोन वेळा शोधा. बहुतेक रेकॉर्डमध्ये 'मिक्सिंग वेळ ८ मिनिटं' एवढंच असतं. लाइट गेली, एफबीडी आधीच्या मालात अडकली होती, शिफ्ट बदलली, ही मधली चाळीस मिनिटं कुठेच लिहिलेली नसतात. पावसाळ्यात एफबीडी दर बॅचला पाच-सात मिनिटं जास्त घेते, आणि दिवसाच्या चौथ्या बॅचचा ओला माल त्यामुळे अर्धा तास बिनमध्ये बसून राहतो. मे मध्ये ग्रॅन्युलेशनचं पाणीही ३३-३४ अंशांचं असतं, ऑगस्टात २५ चं. तापमान कमी तितका डायहायड्रेटला अनुकूल काळ.

आणि वाळवल्यावर काय होतं तेही पाहा. डायहायड्रेट एफबीडीत पाणी सोडतो, पण जुनाच फॉर्म ३ परत येईल असं नाही. कशा हवेत, किती वेगाने पाणी गेलं त्यावर कधी फॉर्म ३ चे अगदी बारीक कण, कधी फॉर्म १, कधी थोडा अमॉर्फस भाग. एपीआय शुद्ध फॉर्म ३ असताना सुक्या ग्रॅन्युल्समध्ये फॉर्म १ चे पीक दिसले, तर माल मध्ये डायहायड्रेट होऊन आलाय असं बहुधा धरायला हरकत नाही. पूर्ण न सुकलेले डायहायड्रेटचे कण राहिले तर ते गोळीत बी म्हणून बसतात. ब्लिस्टरमधून ओल आत शिरली की त्यांच्यापासूनच पुढचं पीक येतं (हे मात्र खरंखुरं पीक).

कार्ल फिशरने (पाणी मोजण्याच्या चाचणीने) हे पकडता येईल असं वाटत असेल तर हा हिशेब : गोळीतल्या २०० मिग्रॅपैकी दहा टक्के औषध डायहायड्रेट झालं, तर २० मिग्रॅचं होतं २३ मिग्रॅ, म्हणजे पाणी ३ मिग्रॅ, २८० च्या गोळीत १.१ टक्के. एमसीसीचं स्वतःचंच पाणी चार-पाच टक्क्यांपर्यंत असतं आणि हवेप्रमाणे वरखाली होतं. त्या गोंगाटात हा १.१ हरवून जातो. एलओडी (वाळवल्यावरची घट) २ टक्क्यांच्या आत आला म्हणून निर्धास्त राहू नका.

नमुने या जागांवरून घ्या : एपीआय, सुकं मिश्रण, आरएमजी थांबल्याक्षणी ओला माल, तोच माल ३० मिनिटं आणि २ तास झाकून ठेवल्यावर, सुके ग्रॅन्युल्स, ताजी गोळी, स्थिरतेतली गोळी. ओला नमुना ओलाच एक्सआरडीवर चढवा, वर कॅप्टॉनची (एका प्लास्टिकची) पातळ फिल्म ताणून. आधी वाळवला तर पुरावा गेला.

---

नांदेड_एमफार्म :

सर, बाळबोध प्रश्न आहे, माफ करा. रेणू तोच, शुद्धता तीच, मग विरघळण्यात एवढा फरक का? आणि विभागात एक्सआरडीसाठी नंबर लावून आठवडे जातात. साध्या साधनांनी काही बघता येतं का?

---

स्फटिक_संभाजीनगर :

कडब्याची गंजी डोळ्यांसमोर आणा. पेंढ्या त्याच, एकाने बुडखे बाहेर करून दाबून रचल्या, दुसऱ्याने सैल उभ्या केल्या. पाऊस एकीत शिरत नाही, दुसरीत शिरतो. स्फटिकातही रेणू किती घट्ट बसलेत, कोणत्या हायड्रोजन बंधांनी बांधलेत, यावर त्यांना सुटं करायला किती ऊर्जा लागेल ते ठरतं. घट्ट रचना म्हणजे स्थिर, आणि स्थिर म्हणजे कमी विद्राव्य. डायहायड्रेटमध्ये तर पाणी रचनेतच बसलंय, त्यामुळे पाण्याच्या सान्निध्यात सर्वांत स्थिर तोच. ३७ अंशांना फॉर्म ३ ची विद्राव्यता डायहायड्रेटच्या साधारण दीडपट मोजली जाते. ज्या औषधाची एका डोसमधली मात्रा पाण्यात मुश्किलीने विरघळते, तिथे दीडपट म्हणजे चैन नव्हे.

सूक्ष्मदर्शक आहे ना विभागात? ध्रुवीकरणाच्या दोन फिल्टर पट्ट्या मिळाल्या तर उत्तम. काचपट्टीवर फॉर्म ३ चे चार-दोन कण, टोकदार सुईने उचलता येतील इतकेच. वर कव्हरस्लिप, कडेने पाण्याचा एक थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जाईल. चारी कडा व्हॅसलीनने बंद करा, नाहीतर पाणी उडून जाईल आणि जे दिसेल ते बाष्पीभवनाचं असेल. १० च्या ऑब्जेक्टिव्हवर एक कण धरून ठेवा. सुरुवातीला जाडसर, सरळ कडांचे ठोकळे दिसतील. मग एखाद्या कडेवर, बहुधा जिथे ओरखडा किंवा तुटका कोपरा आहे तिथे, धुकट खरबरीतपणा येतो. तो केसांसारख्या सुयांचा झुपका होतो, आणि पाहता पाहता ठोकळा कुरतडला जाऊन सुया लांब होत जातात. घन अवस्थेतच रचना बदलत नाही, फॉर्म ३ विरघळतो आणि त्याच द्रावणातून डायहायड्रेट जमतो, हे यात डोळ्यांनी दिसतं. पहिली सुई किती मिनिटांनी दिसली ते लिहून ठेवा, दहा कणांवर. मग पाण्याऐवजी ३ टक्के पोव्हिडोनचं द्रावण, मग एचपीएमसीचं, मग १ टक्का सोडियम लॉरिल सल्फेटचं घाला. पॉलिमर सुया उशिरा आणतात, सल्फेट लवकर आणतं. तुमचं डिझोल्यूशन माध्यम नेमकं हेच सल्फेट आहे, ही गंमत लक्षात ठेवा. ते औषधाची विद्राव्यता वाढवतं आणि त्याच वेळी पृष्ठभागावर डायहायड्रेटला बोलावतं.

दोन लॉटमध्ये या मिनिटांचा फरक आला तर कणांचा आकार आणि मिलिंग पाहा. दळलेल्या कणांवर तुटक्या कडा जास्त, आणि सुरुवात तिथूनच होते. एपीआय 'मायक्रोनाइज्ड' आहे की साधं, सीओएवरचे डी-९० चे (९० टक्के कण ज्याहून लहान त्या आकाराचे) आकडे दोन्ही लॉटचे समोरासमोर ठेवा.

---

पॅन_ते_रिअ‍ॅक्टर_लातूर :

एपीआयच्या बाजूने दोन गोष्टी. फॉर्म ३ च यावा यासाठी पुरवठादाराने काय करायला हवं, ऑडिटला गेलात तर काय विचारायचं, ते.

आपल्या भागात साखर कारखाने पैशाला पासरी, त्यामुळे पॅनमनचं उदाहरण देतो. रस आपोआप दाणे धरेल म्हणून तो वाट पाहत बसत नाही. अल्कोहोलमध्ये दळलेल्या साखरेची स्लरी योग्य क्षणी पॅनमध्ये ओढतो आणि त्याच दाण्यांना वाढवतो. मध्येच नवे दाणे धरले तर त्याला 'फॉल्स ग्रेन' म्हणतो आणि पाणी सोडून ते विरघळवतो. साखरेत नुकसान दाण्याच्या आकाराचं. औषधात फॉल्स ग्रेन वेगळ्या रूपाचा निघू शकतो, आणि ओस्टवाल्डचा अनुभवसिद्ध नियम हेच सांगतो की घाईत आधी जमतं ते बहुधा कमी स्थिर रूप.

म्हणून विचारायचं : बी टाकता का? किती, कोणत्या आकाराचं, आणि त्याचं स्वतःचं एक्सआरडी आहे का? साधारण पद्धत अशी. गरम द्रावण गाळून घ्यायचं, म्हणजे जुन्या बॅचचा एकही कण राहत नाही. संपृक्ततेच्या खाली २-३ अंशांवर थांबायचं. अपेक्षित उत्पादनाच्या १ टक्का फॉर्म ३ चं बी त्याच द्रावकात कालवून टाकायचं, कोरडं फेकायचं नाही, गुठळ्या तरंगतात. अर्धा ते एक तास तापमान स्थिर. बी विरघळून गेलं तर तुम्ही घाई केली, २ अंश खाली जाऊन पुन्हा टाका. सगळीकडे एकदम धुकं पसरलं तर उशीर केला, तापवून पुन्हा सुरुवात. मग मिनिटाला ०.१ ते ०.२ अंशांनी थंड करायचं आणि शेवटी खालच्या तापमानाला काही तास ढवळत ठेवायचं. अस्थिर रूप थोडं जमलं असेलच तर या शेवटच्या ढवळण्यात ते स्थिर रूपात वळतं.

एक खबरदारी. जॅकेटला उन्हाळ्यात टॉवरचं पाणी ३२-३३ अंशांचं मिळतं, हिवाळ्यात २० चं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून थंड करणाऱ्या प्लांटमध्ये डिसेंबरच्या बॅच भिंतीलगत फटकन थंड होतात आणि तिथेच सुया धरतात. कूलिंगचा चार्ट मागा, नुसतं 'थंड केले' असं लिहिलेलं मान्य करू नका.

---

परळी_फॉर्म्युलेशन :

एवढी यातायात कशाला? पाण्याऐवजी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी यांचं मिश्रण घ्या, ८०:२०. पाणी कमी, डायहायड्रेट नाही, विषय संपला. पोव्हिडोन त्यातही विरघळतं.

---

शेंद्रा_प्रोसेस :

दादा, विषय संपत नाही, तिथेच सुरू होतो. डायहायड्रेट होईल की नाही हे पाण्याच्या टक्क्यांवर नसतं, पाण्याच्या क्रियाशीलतेवर असतं (मिश्रणातलं पाणी किती मोकळं आहे त्याचं माप, शुद्ध पाण्याला १). २५ अंशांना कार्बामाझेपिनसाठी ती सीमा ०.६ च्या आसपास आहे.

आयपीएत २० टक्के पाणी म्हणजे क्रियाशीलता ०.२ नव्हे. आयपीएचं अ‍ॅझिओट्रोप घ्या (द्रवात आणि वाफेत प्रमाण सारखंच राहतं असं मिश्रण) : वजनाने १२.६ टक्के पाणी, उत्कलन ८०.३ अंश. मोलमध्ये पाण्याचा वाटा ०.३२५ आणि अ‍ॅझिओट्रोप असल्याने वाफेतही तोच. त्या तापमानाला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब ४८ किलोपास्कल, एकूण दाब १०१.३. म्हणजे क्रियाशीलता ०.३२५ गुणिले १०१.३ भागिले ४८, सुमारे ०.६९. खोलीच्या तापमानाला आकडा थोडा हलेल, पण चित्र तेच. १२-१३ टक्के पाण्यालाच आपण सीमेवर किंवा पलीकडे. २० टक्क्यांना खात्रीने पलीकडे. ५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर गोष्ट वेगळी, पण मग एफबीडी ज्वालारोधक हवी, अर्थिंग हवं, उरलेल्या द्रावकाची चाचणी हवी. साध्या एफबीडीत आयपीए चालवायला सेफ्टीवाला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

ते करायचंच असेल तर आधी बाटलीत पाहा. १ ग्रॅम औषध, १० मिली तुमचं ग्रॅन्युलेशनचं द्रव पोव्हिडोनसकट, २५ अंशांना चुंबकी ढवळणी, ५, १५, ३० आणि ६० मिनिटांना गाळून ओलंच एक्सआरडी. शेवटी त्याच बाटलीत चिमूटभर तयार डायहायड्रेट टाकून रात्रभर ढवळा. बी असूनही डायहायड्रेट वाढला नाही तरच ते द्रव सुरक्षित. बी न टाकता 'झालं नाही' म्हणणं म्हणजे फक्त 'अजून झालं नाही'.

---

डोसियर_ताई :

बदल करण्याआधी नियमांची बाजू थोडक्यात.

रूपाची चाचणी स्पेसिफिकेशनमध्ये हवी का, याचा निर्णयवृक्ष आयसीएच क्यू६ए (औषधांसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) मध्ये आहे. प्रश्नांची साखळी अशी की एकापेक्षा जास्त रूपं आहेत का, गुणधर्म वेगळे आहेत का, गोळीची कामगिरी त्यावर अवलंबून आहे का. कार्बामाझेपिनला तिन्हीची उत्तरं होकारार्थी, त्यामुळे सीओएवर नुसतं 'फॉर्म ३' पुरत नाही, आलेख जोडून घ्या. हे औषध अपस्माराचं आहे आणि त्याची उपचारमर्यादा अरुंद. ओल लागून कडक झालेल्या कार्बामाझेपिन गोळ्यांनी रुग्णांना पुन्हा झटके आल्याची प्रकरणं १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत गाजली, आणि ओलसर जागेत ठेवलेल्या गोळीचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो असा इशारा एफडीएने दिला होता. उलट बाजूही आहे : फार लवकर विरघळणारी गोळीही धोक्याची. यूएसपीतल्या (अमेरिकेच्या औषधकोशातल्या) एका चाचणीत २०० मिग्रॅच्या गोळीला १५ मिनिटांना ४५ ते ७५ टक्के अशी वरचीही मर्यादा आहे. डिझोल्यूशन 'सुधारण्याच्या' उत्साहात १५ मिनिटांचा आकडा ७५ च्या वर नेऊ नका.

रूप बदलल्याने केवढा गोंधळ होतो याचं मोठं उदाहरण रिटोनाव्हिर. एचआयव्हीवरचं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं तेव्हा एकच रूप माहीत होतं. १९९८ मध्ये कमी विद्राव्य फॉर्म २ उगवला, कॅप्सूल डिझोल्यूशनला नापास होऊ लागल्या, त्या मागे घ्याव्या लागल्या. नंतर औषध फ्रीजमध्ये ठेवायच्या सॉफ्टजेलमध्ये आलं. फॉर्म २ चं बी जिथे पोहोचलं तिथे फॉर्म १ बनवणंच अवघड झालं होतं. म्हणून तुमच्या लॅबमध्ये डायहायड्रेट बनवाल ते उत्पादन विभागापासून दूर बनवा, आणि त्याच चाळण्या परत आरएमजीकडे पाठवू नका.

पेटंटबद्दल कोणी विचारण्याआधीच : आपल्याकडे कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाचं नवं स्फटिकरूप परिणामकारकता वाढवत नसेल तर पेटंटला पात्र नाही. इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरच्या औषधाच्या बीटा रूपावर सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा निकाल याच कलमावर आहे. तुमच्या अडचणीशी त्याचा संबंध नाही.

---

वाळूज_आरएमजी :

सर्वांचे आभार. लॉट परत करण्याचं पत्र थांबवलं. बॅच रेकॉर्ड चाळले. पाणी टाकल्यापासून एफबीडी सुरू होईपर्यंतची वेळ खरंच कुठे नोंदलेली नाही. सुरुवात कुठून करू? आणि ४०/७५ चेच नमुने तपासू की ३०/७५ चे पण?

---

स्फटिक_संभाजीनगर :

३०/७५ चे आधी. लोकांना वाटतं ४० म्हणजे जास्त कठोर. हायड्रेटच्या बाबतीत ते उलटं पडू शकतं : तापमान वाढलं की ०.६ ची सीमाही वर सरकते, त्यामुळे ७५ टक्के आर्द्रता ३० अंशांना सीमेच्या बरीच पलीकडे आणि ४० ला तिच्या जवळ. ४० वर वेग जास्त, ३० वर ओढ जास्त. दोन्ही पाहा. चेंबरमधून काढलेली गोळी त्याच दिवशी एक्सआरडीवर, तोवर घट्ट बाटलीत, सिलिकाची पुडी न टाकता. सिलिका डायहायड्रेटचं पाणी ओढून घेते आणि तुम्ही 'काही नाही' असा रिपोर्ट लिहिता. मे मध्ये उघड्यावर ठेवलेला नमुनाही तसाच फसवतो.

अंदाजासाठी प्लासिबो (औषधाशिवायचं मिश्रण) अधिक फॉर्म ३ मध्ये डायहायड्रेट २, ५, १० आणि २० टक्के मिसळून ९ अंशांच्या पीकचं क्षेत्रफळ काढा. २ टक्के दिसत नसतील तर ८.५ ते ९.५ एवढ्याच पट्ट्यात हळू स्कॅन करा.

---

शेंद्रा_प्रोसेस :

फॉर्म्युला न बदलता करण्यासारखं, माझ्या मते याच क्रमाने. रेकॉर्डमध्ये दोन वेळांचे रकाने घाला. पहिलं पाणी ते एफबीडी सुरू, ही मर्यादा आधी २० मिनिटं ठेवा आणि ओल्या मालाच्या थांबवून पाहिलेल्या नमुन्यांवरून पक्की करा. एफबीडी मोकळी असल्याशिवाय आरएमजीत पाणी टाकायचं नाही, हा नियम फळ्यावरच लिहा. पाणी एकदम ओतण्याऐवजी फवाऱ्याने, आणि आरएमजीच्या मोटरचे अँपिअर पाहून जेवढं लागतं तेवढंच. शेवटच्या टप्प्यात माल जास्त मळून घेण्याची सवय मोडा. ओल्या मालातली प्रत्येक जादा मिनिट महाग आहे.

पॅकिंग साध्या पीव्हीसीतून ओल जास्त अडवणाऱ्या पीव्हीडीसी किंवा अ‍ॅल्यु-अ‍ॅल्युत नेण्याला नोंदणीतला बदल लागेल, पण फॉर्म्युला बदलण्यापेक्षा तो हलका. रोलर कॉम्पॅक्शन (कोरडी पावडर रोलरमध्ये दाबून ग्रॅन्युल्स करणं) हा खरा मोकळा रस्ता, पाणीच नाही. मात्र ते म्हणजे नवी प्रक्रिया आणि नवा जैवसमतुल्यता विचार. ते पुढच्या वर्षीच्या बजेटला ठेवा, तोवर ऑगस्ट निभेल.

---

नांदेड_एमफार्म :

सर, काचपट्टी करून पाहिली. पाण्यात १४ व्या मिनिटाला पहिली सुई दिसली, पोव्हिडोनमध्ये तासभर पाहिलं, काही नाही. व्हॅसलीन संपलं म्हणून मैत्रिणीच्या नेलपॉलिशने दुसरी पट्टी बंद केली तर तिच्यात दोन मिनिटांतच कडेने वेगळेच चपटे स्फटिक आले. हे कोणतं रूप?

---

स्फटिक_संभाजीनगर :

ते मोजू नका, पट्टी टाकून द्या. नेलपॉलिशमधलं द्रावक कव्हरस्लिपखाली शिरलं, त्यात औषध विरघळलं आणि द्रावक उडताना कडेला जमलं. पाण्याशी त्याचा संबंध नाही. अ‍ॅसिटोनबरोबर तर कार्बामाझेपिन स्वतंत्र सॉल्व्हेट (द्रावक रचनेत घेतलेलं रूप) करतं, त्यामुळे पट्ट्या पुसायलाही अ‍ॅसिटोन वापरत असाल तर पूर्ण सुकू द्या. व्हॅसलीनची डबी दहा रुपयांत येते. आणि पोव्हिडोनची पट्टी अजून असेल तर फेकू नका, उद्या सकाळी पुन्हा बघा.